सारखा, तोच आणि म्हणून

अलंकार म्हणजे दागिना. स्त्रीला जसे दागिने तसे भाषेला अलंकार, असं व्याकरणाची पुस्तकं सांगत आली. ज्याने ही व्याख्या केली त्याच्या घरी दागिने असणार. आमच्या घरी दागिना म्हणजे सावकाराकडे गहाण पडलेली वस्तू. तेव्हा भांडण इथूनच सुरू होतं. दागिना अंगावर चढवता येतो, काढून डब्यात ठेवता येतो, त्यानं अंग बदलत नाही. उपमेचं तसं नाही. उपमा माणसाला एकदा चिकटली की सात पिढ्या निघत नाही. उपमा हे हत्यार आहे. त्यानं भाकरीसाठी कणसं कापता येतात आणि माणसाचा गळाही कापता येतो. हे हत्यार आपण सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात देतो आणि धार कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगायचं विसरतो.

माझा प्रश्न साधा आहे. प्राथमिक शाळेतल्या पोराला उपमा, म्हण, वाक्प्रचार शिकवणं ही फक्त भाषेची गोष्ट आहे की नीतीचीही? मास्तर लोक म्हणतील, भाषेची. परीक्षेची. दोन मार्कांची. मी म्हणतो आधी नीतीची. का, ते सांगतो.

१

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा ही नावं पोराला वरच्या वर्गात भेटतात. पण माल आधीच आलेला असतो. पहिलीच्या कवितेत चांदोबा मामा होतो. तिसरी-चौथीत वाक्प्रचार येतात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी म्हणींच्या याद्या पाठ होतात. डावीकडे म्हण, उजवीकडे अर्थ, जोड्या लावा.

'पोटात कावळे ओरडणे' म्हणजे भूक लागणे. एखादं पोर विचारतं, बाई, कावळे पोटात गेले कसे? वर्ग हसतो. बाईही हसतात. पोर खाली बसतं आणि पुन्हा विचारत नाही. आता बघा, त्या पोराचा काय गुन्हा? त्यानं शब्द खरे मानले. शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस आपण वर्गात पहिल्यांदा हास्यास्पद ठरवतो. आणि ज्या पोराला सकाळपासून काही मिळालेलं नाही, ज्याच्या पोटात खरंच काहीतरी टोच मारतंय, त्याला कावळा समजावून सांगावा लागत नाही. उजवीकडचा 'भूक लागणे' हा अर्थच त्याला अपुरा वाटेल. पण त्याला कुणी विचारत नाही. जोडी लागली की मार्क मिळतो, विषय संपतो.

दुसरा नमुना. रिकाम्या जागा भरा. '--सारखे शुभ्र.' गाईडातलं उत्तर: दूध. वऱ्हाडातलं पोर कापूस लिहील. मिठागराकडचं पोर मीठ लिहील. ज्याच्या घरी कोरा चहाच उकळतो त्याला दूध आठवायचं कारण काय? त्याच्या उत्तरावर लाल फुली पडते तेव्हा चूक काय ठरतं? कापूस काळा ठरत नाही. त्या पोराचे डोळे चूक ठरतात. तुझ्या डोळ्यांनी बघितलेलं चालणार नाही, आमच्या डोळ्यांनी बघ, असं ती फुली सांगते. आठ वर्षांच्या वयात हे शिकलेलं पोर पुढे साठ वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतं. स्वतःकडेसुद्धा.

याचा अर्थ पोरानं काहीही लिहावं आणि मास्तरानं मान डोलवावी असाही नाही. ती तर आणखी मोठी बेपर्वाई. 'दगडासारखे शुभ्र' असं कुणी लिहिलं तर विचारा, कुठला दगड? त्यानं नदीच्या पात्रात गारगोटी बघितली असेल. मग वाक्य बरोबर आहे आणि आपलाच दगड काळा होता. किंवा त्यानं काहीच बघितलं नसेल, ठोकून दिलं असेल. मग त्याला बघायला पाठवा. पोराची उपमा तपासणं म्हणजे पोराला मान देणं. न तपासता फुली मारणं आणि न तपासता शाबासकी देणं, दोन्हीकडे पोर वगळलं जातं.

२

उपमेची चार अंगं सांगतात. 'आईचे हात पॉलिश पेपरसारखे खरखरीत आहेत.' आईचे हात हे उपमेय, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते. पॉलिश पेपर हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. 'सारखे' हा साम्य दाखवणारा शब्द. आणि खरखरीतपणा हा दोघांतला साधारण धर्म.

साधारण धर्म! शब्द बघा कसा आहे. दोन वस्तूंत जो गुण सारखा, तो त्यांचा साधारण धर्म. व्याकरणाला धर्माचा हा अर्थ ठाऊक होता. ज्या समाजानं हे व्याकरण लिहिलं त्याला चंद्र आणि मुख यांत साधारण धर्म सापडला, कमळ आणि पाय यांत सापडला. माणूस आणि माणूस यांत मात्र सापडला नाही. उलट माणूस आणि चप्पल यांत सापडला. 'पायातली वहाण पायातच बरी.' ही म्हण बाईला लावली, आम्हांला लावली. बारा माशांचा एक तोळा होतो. सोनाराच्या तराजूतलं ते वजन उचललं आणि लग्नाबाहेर जन्मलेल्या लेकराला अक्करमाशी म्हटलं. अकरा माशांचा. एका माशानं कमी. सोनं मोजायच्या मापानं लेकरू मोजलं! शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनावर नाव म्हणून लावला तेव्हा तो शब्द पहिल्यांदा मारणाऱ्याच्या तोंडावर परत गेला.

तेव्हा उपमा निरुपद्रवी असते असं मला कुणी सांगू नये.

३

आता मुद्द्यावर येतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे उपमेचा प्रवास तीन शब्दांत होतो. सारखा, तोच आणि म्हणून.

उपमा म्हणते, हा त्याच्यासारखा. या 'सारखा'मध्ये थोडी फट असते. सारखा आहे म्हणजे तोच नाही, हे त्या शब्दातच आहे. त्या फटीतून हवा येते, प्रश्न येतो. रूपक ती फट बुजवतं. रूपक म्हणतं, हा तोच. कवितेत यात काही वाईट नाही. कविता तेवढ्यापुरती असते, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण समाज रूपकापाशी थांबत नाही. समाज पुढे म्हणतो, 'म्हणून'. हा पाय आहे, म्हणून यानं खाली राहावं. हे मुख आहे, म्हणून यानं बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. एका विराट पुरुषाचं शरीर, त्याचं मुख ब्राह्मण, बाहू क्षत्रिय, मांड्या वैश्य, आणि पायांपासून शूद्र झाला. कवितेचं रूपक म्हणून कुणी एखाद्या दिवशी हे ऐकलं आणि सोडून दिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात तेच मुख, तेच पाय येतात आणि त्यांच्या मागोमाग कामाची वाटणी येते. मुखातून झालेल्यानं शिकावं-शिकवावं. पायांतून झालेल्यानं वरच्या तिघांची सेवा करावी, तीही कुरकुर न करता. रूपकातून कायदा निघाला. 'म्हणून' हा शब्द असा बाहेर पडला. आणि आम्ही तर त्या शरीरात कुठेच नव्हतो. पायातसुद्धा नाही. ज्यांना रूपकातही जागा मिळाली नाही त्यांना गावात कुठून मिळणार? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती या 'म्हणून'साठी, असं मी समजतो.

कुणी म्हणेल, जुन्या पोथीतलं काय उकरून काढता. तर पोथीतलं मुख गिरणीपर्यंत कसं आलं ते सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाईच्या खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता. कारण काय? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार. बाटणार. म्हणून महाराच्या पोरानं सूतखात्यात राहावं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. घाम एक, मालक एक, संप एक, आणि तोंड मात्र वेगळं! हजारो वर्षांपूर्वीच्या रूपकातलं मुख विसाव्या शतकातल्या साच्यापाशी उभं होतं आणि कामगार कामगाराला हटकत होतं. आता बिनधोट्याचे साचे आले, तोंडानं धागा ओढायचं काम त्यांत राहिलं नाही. यंत्रानं धोटा काढून टाकला. माणसाच्या डोक्यातला 'म्हणून' कुठलं यंत्र काढणार?

तो काढायचं काम शाळेचं आहे. आणि चौथीच्या आधीच आहे, कारण चौथीपर्यंत तो बसून गेलेला असतो.

४

वर्गाची कल्पना करा. मास्तर फळ्यावर लिहितात, 'चांभाराची नजर जोड्यावर'. अर्थ: ज्याचा जो धंदा तिकडे त्याचं लक्ष. अर्थात काहीच वाईट नाही. उलट कारागिराची तारीफच आहे. मीही रस्त्यानं जाताना माणसांच्या शर्टाचं विणकाम बघतो. पण मास्तरांनी म्हण वाचली की वर्गातली चाळीस डोकी एका पोराकडे वळतात. तो पोरगा वहीत मान घालतो. म्हण चाळीस जणांना अलंकार आहे, एकाला ते त्याच्या बापाचं नाव आहे. मास्तर म्हणतील, माझ्या मनात तसं काही नव्हतं. नसेलही. पण उपमेचा भार तिच्या अर्थावरून मोजू नये. ती ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या बाकावर बसलाय त्यावरून मोजावा.

दुसरी म्हण, 'गाव तिथे महारवाडा'. म्हणींच्या पुस्तकांत अर्थ दिलेला असतो, चांगल्याबरोबर वाईट असायचंच. म्हणजे गाव हे चांगलं आणि आमची घरं हे वाईट. इथे तर अर्थच विषारी आहे. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावं यावीत असं ठरलं. ठीक झालं. पाटी बदलली. पण म्हणीवर सरकारी रंग लागत नाही. ती लोकांच्या तोंडात तशीच.

मग काय करायचं? अशा म्हणी पुस्तकांतून खोडायच्या? आपल्यातले बरेच जण म्हणतात, खोडा. लहान पोराच्या याद्यांतून त्या काढल्याच पाहिजेत, यात माझं दुमत नाही. शहाणपणा म्हणून पाठ करायला त्या द्यायच्या नाहीत. पण नुसतं खोडून काम होत नाही. पुस्तकातून काढलेली म्हण पोराला चावडीवर भेटते, बसमध्ये भेटते, मित्राच्या आईच्या तोंडून भेटते. आणि तिथे त्याच्या हातात काहीच नसतं. आपण विष काढलं, पण विष ओळखायची विद्या दिली नाही. माझं म्हणणं आहे, ही विद्या द्यायची. कशी, तर उपमा कुठे जुळते हे शिकवताना ती कुठे तुटते हेही त्याच तासाला शिकवायचं.

मी साच्यावर उभा राहतो म्हणून मला हे असं सुचतं. चांगल्या साच्यात प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लटकलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि साचा आपोआप उभा राहतो. तुटलेल्या धाग्यावर साचा तसाच चालत राहिला तर कापड तयार होतं, पण लांबच लांब दोष घेऊन. उपमा तुटली की डोकं थांबलं पाहिजे. ती पट्टी पोराच्या डोक्यात बसवायची, एवढंच माझं मागणं आहे.

५

हे लहान पोराला जमेल काय? असा प्रश्न शिकलेली माणसं हमखास विचारतात. त्यांना मुक्ता साळवेचं नाव सांगावं.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मांगाची मुलगी. वय सुमारे चौदा. शाळेत जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. त्यात पेशवाईतली एक तुलना येते. त्या काळी मांग-महारांना गाढवासारखं मानत, हे ती सांगते. आपण असतो तर इथेच थांबलो असतो, हाय हाय केलं असतं. ही मुलगी पुढे जाते. ती विचारते, लंगड्या गाढवाला मारलं तरी त्याचा धनी भांडायला येतो की नाही? आणि मांग-महाराला मारू नका म्हणणारं कोण होतं? बघा काय केलं तिनं. गाढवाची उपमा हातात घेतली, ताणून बघितली, आणि नेमकी कुठे तुटते ते दाखवलं. गाढवाला धनी होता. आम्हांला कुणी नव्हतं. म्हणजे उपमासुद्धा आमच्या दुःखाला पुरी पडत नाही, हे चौदा वर्षांच्या पोरीनं दाखवून दिलं. अलंकाराचं व्याकरण तिला किती ठाऊक होतं ते राहू द्या. उपमेला प्रश्न विचारायला ती शिकली होती. शाळा अशी असते.

जोतीरावांचीही रीत तीच. 'गुलामगिरी' १८७३ ची. त्यात धोंडिबा आणि जोतीराव बोलत बसतात. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण जन्मला म्हणता, तर मुखात गर्भ राहिला कसा, बाईला जे सोसावं लागतं ते त्या मुखानं कसं सोसलं, असे प्रश्न ते काढतात. पंडितांना हा अडाणीपणा वाटला असेल. पण हा तोच प्रश्न आहे, बाई, कावळे पोटात गेले कसे? शब्द खरे मानून विचारलेला प्रश्न. रूपकाची फट बुजली असेल तर ती पुन्हा उघडायला हाच प्रश्न कामी येतो. म्हणून त्या पोराला हसू नये. आज ते कावळ्याबद्दल विचारतंय, उद्या ते मुखाबद्दल विचारील.

६

आता करून दाखवतो. म्हण घेऊ, 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण आपल्या पोरांच्या कानांवर जितकी आदळली तितकी क्वचितच दुसरी. बाप अंगठेबहाद्दर, पोरगं काय दिवे लावणार? आडात नाही तर... झालं. पुढचं बोलायची गरज नाही.

तिसरी-चौथीच्या वर्गात ही म्हण घ्या आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, कुठे जुळते? आड कोरडा असेल तर पोहरा रिकामा येतो. खरं आहे. खोटं बोलायचं नाही. मास्तराच्या डोक्यात नसेल तर वर्गाच्या डोक्यात येणार नाही, तिथेही जुळते.

दुसरा, कुठे तुटते? पोरं सांगतील, आपण फक्त वाट बघायची. पोहरा काय एकाच आडाला बांधलेला असतो? दोर सोडून दुसऱ्या आडावर नेता येतो. बाप हा एक आड, शाळा दुसरा, वाचनालय तिसरा. आणि पोरगं म्हणजे पोहरा नव्हे. पोहऱ्याला पाय नसतात.

तिसरा, ही कुणी म्हटली, आणि 'म्हणून' काय व्हावं असं त्याला वाटतं? इथे महाडची गोष्ट सांगा. चवदार तळ्यात पाणी नव्हतं काय? भरपूर होतं. गुरं पीत होती. अस्पृश्यांना तेवढी बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी तिथे ओंजळ भरली. म्हणजे आडात होतं. पोहरा टाकू दिला नव्हता. ज्यांनी दोर धरून ठेवला तेच वर विचारत होते, पोहऱ्यात कुठून येणार? हे चौथीच्या पोराला समजतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजतं, कारण रेशनच्या आणि नळाच्या रांगेत ते उभं राहिलेलं असतं.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हीही घ्या. जुळते कुठे? उधळपट्टी करू नये. तुटते कुठे? पाय वाढतात, अंथरूण वाढत नाही. वाढत्या पोरानं पाय आखडायचे की अंथरूण शिवून मोठं करायचं? आणि हे अंथरूण इतकं आखूड कुणी फाडलं? एका म्हणीला एक तास जाईल. जाऊ द्या. शंभर म्हणी पाठ करण्यापेक्षा दहा म्हणी उलगडलेल्या बऱ्या. मार्क त्यानं कमी पडणार नाहीत, कारण ज्या म्हणीशी पोर भांडलं ती ते विसरत नाही.

७

आपल्यातल्या काही मित्रांचा आणखी एक हट्ट आहे. ते म्हणतात, चंद्र, कमळ, कोकिळा सगळं फेकून द्या. ते त्यांचं. आपल्या पोरांना हातोडा, खराटा, भूक, एवढंच शिकवा. मला हे पटत नाही. आमच्या आया-आज्यांनी जात्यावर बसून ज्या ओव्या म्हटल्या त्यांत चंद्र आहे, मोगरा आहे, पाऊस आहे. चंद्रावर कुणाच्या बापाचा सातबारा नाही. वस्तीतल्या पोराला चंद्र नाकारणं ही आपणच घातलेली दुसरी बंदी झाली. त्याला चंद्रही द्या, खराटाही द्या. आणि चंद्राकडे त्यानं स्वतःच्या पत्र्याच्या भोकातून बघितलं तर तो त्याला तसा लिहू द्या. आमच्या लेखकांनी हेच केलं. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नाव बघा, 'जेव्हा मी जात चोरली होती'. जात ही काय चोरायची वस्तू आहे? पण जात लपवून जगणाऱ्या माणसाची छाती कशी धडधडते ते त्या एका 'चोरली'मध्ये आहे. आणि प्रश्न वाचणाऱ्याकडे येतो, चोर कोण?

जुन्या रूपकाला नुसतं नाकारून भागत नाही, समोर दुसरं उभं करावं लागतं. बाबासाहेबांनी ते केलं. 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. त्यात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला. आणि या मनोऱ्याला शिडीच नाही. ज्या मजल्यावर जन्मला त्याच मजल्यावर मेला. पुरुषाचं शरीर आणि हा मनोरा, दोन्ही एकाच समाजाची चित्रं. शरीराचं चित्र सांगतं, हे असंच असायचं, पायाचं डोकं होत नाही. मनोऱ्याचं चित्र सांगतं, हे कुणीतरी बांधलंय, आणि बांधताना जिना ठेवला नाही. एक उपमा झाकते, दुसरी उघडं करते. चौथीच्या पोराला पाटीवर हा मनोरा काढायला सांगा आणि विचारा, याला काय कमी आहे? ते जिना काढून मोकळं होईल.

पण हाच कायदा आपल्यालाही लागू. आपल्या उपमाही तपासल्या पाहिजेत. आपण कवी लोक ज्वालामुखी, निखारा, वादळ, सूर्य यांपलीकडे जात नाही, आणि पोरंही जयंतीच्या भाषणात तेच म्हणतात. बाबासाहेब म्हणजे सूर्य. जुळते कुठे? अंधार गेला, ते खरं. तुटते कुठे? सूर्याकडे बघता येत नाही, त्याला फक्त हात जोडता येतात. बाबासाहेबांकडे बघता येतं, त्यांना वाचता येतं, त्यांच्याशी वादही घालता येतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. आपण 'सूर्य' म्हणून थांबलो आणि पुढचा 'म्हणून' हात जोडण्याचा निघाला, तर आपणही तीच चूक करतोय. एखाद्या पोरानं विचारलं, बाबासाहेब सूर्य तर रात्री कुठे जातात? त्याला दटावू नका. त्याला पुस्तक द्या. रात्री वाचायला पुस्तकच लागतं.

८

आपल्या समाजातली कितीतरी पोरं-पोरी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळांत मास्तर आणि बाई झाल्यात. हे लिहिणं मुख्यतः त्यांच्यासाठी. तुमच्यावर वरून कागदांचा मारा असतो, माहीत आहे. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, माहिती भरायची असते, खिचडीचा हिशेब ठेवायचा असतो. तरी आठवड्यातला एक तास काढा. गाईड मिटवा. पोरांना म्हणा, आज येताना जे बघितलं त्याला कशाची तरी उपमा द्या. मग फळ्यावर तीन रकाने आखा. कुठे जुळते. कुठे तुटते. म्हणून काय.

पहिल्या दिवशी पोरं गप्प बसतील. कारण त्यांना सवय आहे की उत्तर मास्तराच्या खिशात असतं. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी बोलेल. कुणी सांगेल, आमच्या बापाचा खोकला एस.टी. सुरू होताना होते तसा आहे. हसू नका, रडूही नका. विचारा, कुठे तुटतं? ते म्हणेल, एस.टी. सुरू झाली की आवाज थांबतो. बापाचा थांबत नाही. बस. त्या दिवशी तुम्ही उपमा शिकवलीत. उपमेय, उपमान ही नावं पुढे सावकाश सांगता येतील.

आणि अशी वाक्यं मिळाली की वहीत उतरवून या अंकाकडे पाठवा. पोराचं आडनाव घालू नका, नुसती इयत्ता लिहा. आम्ही आमच्या कविता मागे ठेवू आणि ती आधी छापू.